डेल्फिया टोनीचं नाणं

"उलटं कर," होबार्ट म्हणाला.

बफर्ड क्लाइननं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अरे, अजून सुलटं तरी नीट बघितलंस का?"

"उलटं कर रे बाबा."

शार्लटच्या हॉटेलातल्या लांबलचक हॉलमध्ये शनिवारी सकाळपासून नाणीवाल्यांची टेबलं लागली होती. एकोणऐंशी सालचा ऑक्टोबर. सोन्याचा भाव रोज वर चढत होता, आणि कधी नाण्याकडे ढुंकूनही न बघणारी माणसं आजीच्या साखळ्या आणि आजोबांची घड्याळं घेऊन रांगा लावून उभी होती. बफर्डचं टेबल कोपऱ्यात होतं. तिथं गर्दी नव्हती, कारण तो साखळ्या घेत नसे. तो जुन्या खाजगी टांकसाळींची नाणी विकायचा, आणि ती घेणारी माणसं साऱ्या कॅरोलायनात बोटांवर मोजण्याइतकी. होबार्ट लेडबेटर त्यातला एक. दोघांची ओळख बावीस वर्षांची.

बफर्डनं नाणं उलटं केलं. पाच डॉलरचं बेक्टलर नाणं. त्याच्यावर गरुड नाही, स्वातंत्र्यदेवीचं डोकं नाही, काही नाही. कारागिराचं नाव, गावाचं नाव, सोनं किती ग्रेन आणि किती कॅरट, एवढीच अक्षरं. सरकारी टांकसाळ शेकडो मैल दूर होती, तेव्हा रदरफर्डच्या ओढ्यांतून सोनं वेचणारे लोक ते या बेक्टलर नावाच्या जर्मन घड्याळजीच्या घरी घेऊन जात आणि तो त्यांना त्याची नाणी पाडून देई. होबार्ट त्याच मुलखातला. त्यानं भिंग डोळ्याला लावलं. 'कॅरोलायना' या शब्दाखाली, कडेला चिकटून, एका बिंदूतून निघालेल्या तीन बारीक रेघा होत्या. कोंबडीच्या पायाचा ठसा उमटावा तशा.

त्यानं भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

"हां, ते खरचटलंय," बफर्ड म्हणाला. "कुणी गाढवानं चाकू लावलाय. म्हणून तर इथं पडून आहे. तुझ्यासारख्यानं याच्याकडे बघूही नये."

"कुठून आलं?"

"तुमच्याकडूनच. त्या लॅटिमोरची बायको गेली ना जूनमध्ये? बँकेत कॅशिअर होता बघ तो. तिच्या भाच्यानं घरातला सगळा पसारा काढला. कपाटाच्या मागं तंबाखूचा डबा होता म्हणे, त्यात हे एकटंच. तू तर त्याच्याच हाताखाली होतास की नाही?"

"अठ्ठावीस वर्षं," होबार्ट म्हणाला.

त्याला बसावंसं वाटलं, पण गिऱ्हाइकाच्या बाजूला खुर्ची नव्हती. तो टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा राहिला.

तेहेतीस सालच्या एप्रिलमध्ये होबार्ट वीस वर्षांचा होता आणि बँकेच्या खिडकीवर बसून त्याला चार महिने झाले होते. सरकारचा हुकूम निघाला की लोकांनी आपल्याकडचं सोनं एक मेच्या आत बँकेत जमा करायचं आणि कागदी नोटा घेऊन जायचं. मोठमोठ्या अक्षरांतलं छापील पत्रक भिंतीवर लागलं होतं. त्यातली मोठी अक्षरं होबार्टनं वाचली होती. बारीक अक्षरं वाचायला त्याला वेळ मिळाला नव्हता.

डेल्फिया टोनी आली ती शुक्रवारी, दुपारी. केन क्रीकच्या डोंगरातून अकरा मैल चालत. नवऱ्याचे बूट घातलेले, तांबड्या मातीनं घोट्यापर्यंत माखलेले. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि नाणं खिडकीच्या फळीवर ठेवलं; पण त्याच्यावरचं बोट काही उचललं नाही.

"हे आमच्या आज्यानं आपल्या हातानं वेचलेलं सोनं आहे," ती म्हणाली. "ही खूण त्याचीच. त्याला लिहिता येत नव्हतं. आपली म्हणून ओळखू यावीत यासाठी डुकरांच्या कानावर करायचा, तीच खूण या नाण्यावर केली त्यानं. द्यायलाच पाहिजे का हो हे?"

"द्यायलाच पाहिजे, बाई," होबार्ट म्हणाला होता. "सरकारचा हुकूम आहे. ठेवलंत तर तुरुंग."

तुरुंग हा शब्द त्यानं जरा ठसक्यात उच्चारला होता. चार महिन्यांच्या नोकरीत इतका जबर शब्द वापरायची संधी पहिल्यांदाच आली होती. डेल्फियानं बोट उचललं. त्यानं पाच डॉलरची नोट तिच्या हातात दिली. तिनं ती त्याच रुमालात बांधली आणि ती गेली.

तीन आठवड्यांनी, खिडकीवर कुणी नसताना, त्यानं सहज उभं राहून ते पत्रक खालपर्यंत वाचलं. शंभर डॉलरपर्यंतची सोन्याची नाणी ज्यानं त्यानं आपल्यापाशी ठेवायला हरकत नव्हती. आणि जुन्या दुर्मीळ नाण्यांना तर हुकूम लागूच नव्हता. त्या बाईनं काहीच द्यायची गरज नव्हती.  तो तसाच लॅटिमोरच्या खोलीत गेला.

लॅटिमोरनं त्याला बसवलं, पाणी दिलं. बापासारखा समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघ होबार्ट, ते शार्लटला गेलं, तिथून भट्टीत गेलं. आता तू डोंगरात जाऊन सांगणार काय? उगाच बाईच्या जिवाला घोर, आणि बँकेचं नाव खराब. चुकतो माणूस. मी नाही कुणाला सांगणार. जा, कामाला लाग."

होबार्ट कामाला लागला. पुढं चढत गेला. लॅटिमोर एकसष्ट साली वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या सहाजणांत होबार्ट होता, आणि तो खरोखर रडला होता.

भट्टीत गेलेली वस्तू परत मिळत नाही हे त्याला कळत होतं. तरी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यानं पहिलं बेक्टलर नाणं घेतलं. का घेतलं ते त्यानं नेटीला सांगितलं नाही. नेटी, त्याची बायको, मोकळ्या स्वभावाची होती, ती म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे बायकांमागं लागतात, माझा एका मेलेल्या जर्मनामागं लागलाय." चाळीस वर्षांत त्यानं नऊ नाणी जमवली. ती बँकेच्या लॉकरमध्ये असत. मूलबाळ नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी नेटी गेली, तेव्हापासून तो दर शुक्रवारी तिथल्या छोट्या खोलीत तासभर बसे, एकेक नाणं पुसे, परत ठेवी. दारावरचा पहारेकरी विचारायचा, "काय होबार्ट, पोरं बरी आहेत ना?" आठवड्यात त्याची कुणी अशी चौकशी करायचं ते तेवढंच. एरवी सकाळी नाक्यावरच्या हॉटेलात डुकराच्या काळजाची तळलेली वडी आणि अंडी, दुपारी डब्यातलं काहीतरी, संध्याकाळी रेडिओ.

आणि प्रत्येक टेबलावर, प्रत्येक पाच डॉलरचं नाणं तो आधी उलटं करून बघायचा. त्याला काही अर्थ नव्हता. सवय लागली होती.

"होबार्ट, बरं वाटत नाहीये का तुला?" बफर्ड विचारत होता.

होबार्टनं जाकिटाच्या आतल्या खिशातून कापसात गुंडाळलेली डबी काढली. ताडून बघायला म्हणून तो हॉलमध्ये नेहमी आपलं एक नाणं सोबत आणायचा. आज एक डॉलरचं होतं, त्याच्याकडचं सर्वांत देखणं. दीडशे वर्षं होत आली तरी त्याला कुणाचा हात लागलाय असं वाटत नव्हतं. बफर्ड अकरा वर्षं ते मागत होता.

"हे घे. ते दे."

बफर्ड हसला. मग त्याचं हसू गेलं. "डोकं फिरलंय का तुझं? याच्या किमतीत तसली चार येतील. मी व्यापारी आहे, पण दरोडेखोर नाही."

"तू अकरा वर्षं मागतोयस."

"मागतोय, पण असं नाही रे. काय आहे त्या खरवडलेल्या नाण्यात? सांग तरी."

होबार्टनं तोंड उघडलं. पण बाजूच्या टेबलावर कुणीतरी साखळीच्या वजनावरून हुज्जत घालत होतं, आणि एवढ्या गलक्यात ही गोष्ट सुरू कुठून करायची ते त्याला सुचेना. "आमच्याकडचं आहे," एवढंच तो म्हणाला.

"वर काहीतरी घे मग. माझ्या मनाला बरं वाटेल."

"नको," होबार्ट म्हणाला आणि नाणं खिशात घालून बाहेर आला. गाडीत बसल्यावर त्यानं ते काढून तळहातावर घेतलं. लॅटिमोरचा चेहरा आठवला. पाण्याचा ग्लास पुढं करणारा, समजूतदार. डेल्फियाचं नाणं सरकारकडे गेलंच नव्हतं. त्या माणसानं आपल्या खिशातली पाचाची नोट पेटीत टाकली होती आणि नाणं तंबाखूच्या डब्यात. होबार्टला वाटलं होतं की राग येईल. पण ज्याच्यावर रागवायचं तो अठरा वर्षं मातीखाली होता, आणि 'तुरुंग' हा शब्द काही लॅटिमोरनं उच्चारला नव्हता.

टोनींचं घर शोधावं लागलं नाही. डेल्फिया बावन्न साली वारल्याची बातमी त्यानं पेपरातून कापून ठेवली होती. मागे राहिलेल्यांत मुलगी आयला मे, मुक्काम केन क्रीक, असं होतं. या सत्तावीस वर्षांत तो चार-पाच वेळा त्या फाट्यापर्यंत गाडी घेऊन गेला होता आणि तिथूनच वळला होता. सोमवारी सकाळी तो वळला नाही.

रस्त्याच्या शेवटी पत्र्याच्या छपराचं घर होतं. ओसरीवर खुर्ची टाकून एक उंच, हाडकुळी बाई सुकलेल्या शेंगा सोलत होती. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. कुत्रा भुंकत गाडीच्या चाकापर्यंत आला.

"सेल्समन असाल तर मला काही नको," ती तिथूनच ओरडली.

"सेल्समन नाही. आपण आयला मे टोनी का?"

"काय?"

"आयला मे टोनी?"

"मोठ्यानं बोला. छत्तीस वर्षं सूतगिरणीत काढली. त्या यंत्रांनी कान खाल्ले माझे."

होबार्ट पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. हॅट काढली. शेचाळीस वर्षं मनात धरलेली गोष्ट त्यानं नेटीला अंधारात कुजबुजूनसुद्धा सांगितली नव्हती. आणि आता ती ओरडून सांगायची होती.

"मी बँकेत होतो," तो म्हणाला. "तेहेतीस साली. तुमच्या आईचं नाणं मी घेतलं."

"कुणाचं काय?"

"आईचं नाणं! सोन्याचं! मी घेतलं!"

शेजारच्या उतारावर लाकडं फोडणारा माणूस हात थांबवून बघू लागला. आयला मेच्या मांडीवरची परात हलली नाही. पण तिची बोटं थांबली. तिनं कुत्र्याला नावानं हाक मारून गप्प केलं.

"या वर," ती म्हणाली. "बसा. हं, आता सगळं सांगा. आणि तोंड माझ्याकडे करून सांगा, मला ओठ कळतात."

त्यानं सगळं सांगितलं. पत्रकाच्या बारीक अक्षरांबद्दल, लॅटिमोरबद्दल, तंबाखूच्या डब्याबद्दल. तुरुंगाच्या धमकीबद्दलही. तिला ओठ दिसावेत म्हणून त्याला खाली बघता येत नव्हतं. बोलून झाल्यावर त्यानं डबी काढून तिच्यापुढं धरली.

तिनं नाणं उचललं. परातीच्या कडेवर वाजवून पाहिलं. काय ऐकू आलं असेल देव जाणे. मग अंगठ्यानं चाचपून खूण सापडेपर्यंत फिरवलं.

"लहान आहे," ती म्हणाली. "आई हातानं दाखवायची तेव्हा बशीएवढं वाटायचं."

"बोलायची का त्या याबद्दल?"

"जेवायला बसलो की काढायची. पण रडगाणं नसायचं तिचं. चिडायची." आयला मे नाण्याकडेच बघत होती. "ती परत आली होती, माहीत आहे का तुम्हाला?"

"कुठं परत?"

"बँकेत. सोमवारी. नोट मोडलीच नव्हती तिनं. शनिवार-रविवार नुसती रुमालात बांधून बसली होती. सोमवारी पहाटे उठून परत अकरा मैल गेली. म्हणाली, त्या पोराला सांगते, बाबा, तुरुंगात टाकायचं तर टाक, पण आज्याचं नाणं दे. तिला वाटत होतं की तुम्ही द्याल. तोंडावरून भला वाटला, म्हणायची."

होबार्टच्या हातातली हॅट खाली पडली. त्यानं ती उचलली नाही. "मी तिथंच होतो सोमवारी," तो म्हणाला. "मी एकही दिवस खाडा केला नाही."

"खिडकीवर दुसराच माणूस होता. जाडासा, सोन्याच्या काडीचा चष्मा. तिनं विचारलं, तो पोरगा कुठाय. तर म्हणाला, तो पोरगा नोकरी सोडून गेला. आणि नाणं शार्लटला गेलं. ती घरी आली ती पायाला फोड घेऊन. मग त्या नोटेचं पीठ आणि मीठ आणलं. खाल्लं आम्ही. पोटात गेलं ते पोटात गेलं."

सोमवार. सोमवारी सकाळी लॅटिमोरनं त्याला मागच्या खोलीत जुन्या वह्या लावायला बसवलं होतं. ते त्याला आत्ता आठवलं. भिंतीपलीकडं ती उभी होती, आणि नाणं तेव्हा त्याच इमारतीत, बहुधा त्याच माणसाच्या खिशात होतं.

 खालच्या ओढ्याचा आवाज येत होता; तो ऐकणारा ओसरीवर एकटा होबार्टच होता.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "मी माफी मागायला आलो होतो."

आयला मेनं त्याच्याकडे नीट बघितलं. केस विंचरलेले, टाय घट्ट बांधलेला, म्हातारा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. मोजून काम करत आलेल्या बाईचा चेहरा होता तो.

"नाणं ठेवून घेते," ती म्हणाली. "ते आमचंच आहे. त्याचे आभार मानत नाही, राग मानू नका. पण माफी मी कशी देऊ? माझं काही घेतलं नव्हतं तुम्ही. चालली ती, फोड आले तिला."

"खरं आहे."

"नुसतं खरं आहे काय? गाडी आहे ना तुमची? तिला ठेवलंय आम्ही वरच्या चर्चमागं. मला आता तो चढ चढवत नाही, ईस्टरनंतर गेले नाहीये." ती परात बाजूला ठेवून उठली. "थांबा, स्वेटर घालते. आणि ती हॅट उचला, कुत्रं फाडेल ती."

गाडीत ती नाणं मुठीत धरून बसली होती. काच खाली करून वाटेतली घरं बघत होती, एकदा म्हणाली, "इथं आमचं मक्याचं शेत होतं," आणि एकदा म्हणाली, "तुमची बायको कशी आहे?" तो म्हणाला, "गेली, नऊ वर्षं झाली." "काय?" "गेली!" "हं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "स्वैपाक स्वतः करता?" "डबे उघडतो." ती आवाज न करता हसली.

चर्च पांढऱ्या फळ्यांचं, लहानसं होतं. कुलूप लावलेलं. मागच्या उतारावर पाइनची झाडं आणि त्यांच्या खाली पन्नास-साठ दगड. आयला मे गाडीतून उतरली नाही. "तिसऱ्या ओळीत, डावीकडून," ती म्हणाली. "जा तुम्ही. तुमचं काय असेल ते बोला. मला तसंही इथून ऐकू येणार नाही."

होबार्ट चढून गेला. दगड साधा होता, सिमेंटचा, घरी ओतलेला. अक्षरं ओल्यात खिळ्यानं काढलेली. डेल्फिया एवढंच वाचता येत होतं. खालचं सगळं पाइनच्या तांबूस काड्यांनी आणि ओकच्या पानांनी झाकलं होतं. त्यानं हॅट काढून छातीशी धरली आणि बोलायला तोंड उघडलं. वाटेत त्यानं तीन वाक्यं जुळवली होती. ती चांगली होती, बँकेच्या पत्रांसारखी. त्यातलं एकही त्याला आता वापरावंसं वाटेना.

तो गुडघ्यावर बसला. गुडघे कडकडले. हॅट बाजूला ठेवून त्यानं दगडावरची पानं उचलायला सुरुवात केली. आधी मोठी पानं, मग काड्या. अक्षरांच्या खाचांत बसलेला कचरा नखानं काढावा लागत होता. नाणी पुसताना वापरायचा तो मऊ रुमाल खिशात होता. तो त्यानं बाहेर काढला, दगडावरून फिरवला, आणि रुमाल पहिल्याच हाताला काळा झाला. मृत्यूचं साल दिसलं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, तीही मोकळी झाली: 'आई'. त्यानं कडेचं गवत उपटलं. टायला माती लागली.

मागं पावलं वाजली. आयला मे चढ चढून आली होती, धापा टाकत, एका पाइनला हात टेकत टेकत. त्यानं उठायचा प्रयत्न केला तर तिनं हातानंच नको म्हटलं. बराच वेळ ती आईच्या दगडाकडे बघत उभी राहिली. मूठ अजून मिटलेली होती.

"तो पलीकडचा माझ्या भावाचा," ती म्हणाली. "त्याच्याकडे तर कुणीच येत नाही."

होबार्टनं मान हलवली. मग तो हात टेकत, गुडघ्यांवरच, पलीकडच्या दगडाकडे सरकला आणि त्याच्यावरची पानं काढू लागला.